कॉलरवरचा 'जे'

लंडनला राहणाऱ्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, सासरचा, पुठ्ठ्यावर डकवलेला, त्यात एक मिशाळ पोलीस हेल्मेट काखेत धरून उभा. खाली मेसेज, हे नवऱ्याचे खापरपणजोबा, हे म्हणे जॅक द रिपरच्या (1888 साली पूर्व लंडनमध्ये बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी) शोधात होते, बघ जरा खरं का ते. आता आपल्याकडे कसं प्रत्येक घराण्यातलं कोणीतरी पानिपतावर गेलेलं असतंच, तसं तिकडे पोलिसाच्या घरात रिपर असतोच, त्यामुळे मी आधी ते बाजूला ठेवलं.

अशा फोटोत चेहऱ्याकडे बघून काही मिळत नाही, मिशा तर सगळ्यांच्याच सारख्या. मुळात पोलीसच आहे ना हे आधी बघायचं, कारण रेल्वेचा गार्ड आणि तुरुंगाचा वॉर्डरही जवळपास असेच दिसतात. इथे हेल्मेटवर बिल्ला आहे त्यामुळे तो प्रश्न मिटला. लंडनच्या पोलिसांची टॉप हॅट जाऊन हेल्मेट आलं ते 1860च्या दशकात, पण आपला फोटो त्याच्याही बराच नंतरचा, कारण छातीवर बटणापासून शिट्टीची साखळी लोंबतेय. शिट्ट्या 1885च्या आसपास आल्या, त्याआधी फिरवलं की कर्र्र वाजणारं लाकडी रॅटल असायचं.

डाव्या मनगटावर पट्टा आहे उभ्या पट्ट्यांचा. मेट्रोपॉलिटन पोलिसांचा निळा-पांढरा, सिटी ऑफ लंडनच्या (शहराच्या मधला जुना छोटा भाग) वेगळ्या पोलिसांचा लाल-पांढरा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट मग रंग कसा कळणार? तर तेव्हा फोटो ज्या काचेच्या प्लेटांवर काढायचे त्यातल्या बहुतेकांना निळा रंग फिका दिसायचा आणि लाल जवळजवळ काळा. इथले पट्टे फिकट आहेत, म्हणजे मेट्रोपॉलिटन. (नुसत्या ह्यावर पैज लावू नका, फोटो विटलेलाही असू शकतो.) मागच्या बाजूला स्टुडिओचा पत्ता माइल एंड रोडचा निघाला, तोही पूर्व लंडनचाच.

आणि मग कॉलर! फोटो झूम केला तर नंबर आणि शेजारी डिव्हिजनचं, म्हणजे पोलिसांच्या विभागाचं अक्षर, 'जे'. मैत्रीण हिरमुसलीच, कारण तिने कुठेतरी वाचलेलं की रिपरचं नाव ज्या भागाशी जोडलेलं ते व्हाइटचॅपल म्हणजे एच डिव्हिजन. ते खरंय, पण जे म्हणजे बेथनल ग्रीन, ही डिव्हिजन 1886ला नवीन काढली होती, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाहीच. आणि गंमत अशी की 31 ऑगस्ट 1888च्या पहाटे मेरी ॲन निकोल्सचा (रिपरने मारलेली बाई) मृतदेह मिळाला ती बक्स रो नावाची गल्ली जे डिव्हिजनच्या हद्दीत होती, तिथे गस्तीवर असलेला कॉन्स्टेबल जॉन नील, कॉलर नंबर 97 जे. माइटर स्क्वेअरचा, रिपरचाच आणखी एक खून तर सिटी पोलिसांच्या हद्दीत झाला. रिपर काही एकट्या एच डिव्हिजनचा नव्हता. त्यामुळे तिच्या सासरची गोष्ट अगदीच थाप म्हणता येत नाही, पण शाबीतही होत नाही, हद्दीत नोकरी असणं वेगळं आणि शोध घेणं वेगळं.

सगळे फसतात ते पुढे. कॉलरचा नंबर हा त्या माणसाचा नसतो हो, तो डिव्हिजनचा असतो, माणूस बदलून गेला की तोच नंबर दुसऱ्याला. कायमचा असतो तो वॉरंट नंबर आणि तो अंगावर कुठेच दिसत नाही. त्यासाठी नाव हातात घेऊन लंडनमधल्या क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमधली (सरकारी कागदपत्रांचं संग्रहालय) भरतीची आणि पेन्शनची रजिस्टरं चाळायला लागतात. पेन्शनच्या कागदात तर उंची, डोळ्यांचा रंग असलं वर्णनही मिळतं.

मी तिला सांगितलंय, आधी घरातले पत्र्याचे डबे उपस, एखादं मेडल सापडतंय का बघ. व्हिक्टोरिया राणीच्या 1887च्या ज्युबिलीला (राज्याची पन्नास वर्षं) बंदोबस्तावरच्या पोलिसांना मेडल दिलं होतं आणि त्याच्या कडेवर नाव आणि डिव्हिजन कोरलेली असते. फोटोत छातीवर मेडल नाहीये, पण फोटो त्याच्या आधीचा असेल तर कसं दिसणार.