कडक म्हणजे किती कडक

रविवार, रात्र

आजची सिगार: होया दे निकाराग्वा ह्या कारखान्याची आन्तान्यो १९७०, आकार रोबुस्तो ग्रान्दे. लांबी साडेपाच इंच, जाडी ५२. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५२ म्हणजे पाऊण इंचाच्या किंचित वर, ओठांत चांगली भरते.

निकाल आधीच लिहून टाकतो, नाहीतर उद्या सकाळी मवाळ होईन. सुरुवात दांडगाईची, मधला भाग फर्मास, आणि शेवटचा दीड इंच ओढायचा कुणी आग्रह केला तर सरळ हात जोडावेत.

विकताना दुकानदाराने दोनदा विचारलं, जेवूनच ओढणार ना? इथे ऑस्टिनमध्ये गिऱ्हाइकाला असं कुणी बजावत नाही. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाबा रे, निपाणीचा आहे मी. तंबाखूच्या वखारीशेजारी लहानाचा मोठा झालो. हंगामात गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावला तरी शिंका थांबायच्या नाहीत, आणि आत वखारीत बायका तोंडाला पदर गुंडाळून दिवसभर तंबाखू चाळत बसायच्या. आमच्याकडे मालाचं कौतुक एकाच गोष्टीवरून, कडक आहे की नाही. वास घेऊन ठसका लागला की माल पसंत. त्यामुळे सिगारच्या कपाटात ‘सर्वांत कडक’ अशी पाटी दिसली की माझ्यातला गाववाला जागा होतो, आणि मग खिशाचं काही खरं नाही.

जेवण पोटभर झालं. मटण होतं, पण तांबडा रस्सा मुद्दाम टाळला, कारण जीभ पोळली की पुढचं सगळं वाया. पांढऱ्यावर भागवलं. मग मागच्या अंगणात खुर्च्या टाकून मेव्हणा आणि मी बसलो. त्याच्याकडे व्हिस्की, माझ्याकडे कोरी कॉफी. कडक सिगारबरोबर दारू घेण्याचं धाडस माझ्यात नाही, दोन पैलवानांना एकाच हौद्यात सोडून पंच कुणी व्हायचं?

वरचं पान गडद तपकिरी, तुकतुकीत, शिरा ठसठशीत. दिसायला फार नाजूक नाही, आणि नाही हेच बरं वाटलं. टोक कापून न पेटवताच एक झुरका घेतला. आधी मनुका, मग ओली माती, आणि सगळ्यात शेवटी ओठ हुळहुळले.

पेटवल्यावर पहिली काही मिनिटं जिभेवर काळ्या मिरीशिवाय काही नव्हतंच. धूर तोंडात खेळवून त्यातला थोडा नाकावाटे सोडायचा, चव खरी तिथे कळते. मी सोडला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मेव्हणा खूश.

“दाजी, ह्यात काय मजा हाय? स्वतःलाच शिक्षा देताय नव्हं?”

“जरा थांब की. अजून इंचभरसुद्धा जळली नाही.”

“बसा मग ओढत. ताईला हाक मारून ठेवू का आत्ताच?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, पण ह्या मिरीमागचं कारण ठाऊक आहे. तंबाखूच्या रोपाची खालची पानं सौम्य आणि पटकन जळणारी, मधली सुवासिक, आणि वरची जाड, तेलकट, उन्हात तावून निघालेली. ह्या वरच्या पानांना लिहेरो म्हणतात आणि निकोटिन सर्वांत जास्त त्यांच्यात. निपाणीतही रोपाचा शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढून टाकतात, ते ह्याचसाठी, की सगळा जोर पानात उतरावा. लिहेरो जळतं सावकाश, म्हणून सिगार वळताना ते मधोमध घालतात. राखेचा पहिला तुकडा पडला तेव्हा मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. निखारा सपाट नव्हता. कडेची पानं मागे जळत गेलेली आणि मधे टोकदार शंकू पुढे आलेला, लालबुंद. आन्तान्योने आत काय भरलंय ते त्या टोकावरूनच कळलं.

आणखी एक गोष्ट मेव्हण्याला सांगितली. सिगारेटचा धूर छातीत ओढल्याशिवाय नीट चढत नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. तंबाखूला चुना चोळून गालात धरतात ते दुसरं काय आहे? चुन्याचंही काम तेच. म्हणून, धूर गिळत नाही तर सिगार निरुपद्रवी, हे म्हणणं माझ्याजवळ कुणी बोलू नये. गालात तंबाखू धरणाऱ्यांच्या तोंडाचं काय होतं ते मी गावात पुरेसं पाहिलंय. एरवी महिन्याकाठी एखादी, त्यापलीकडे नाही, ते त्यामुळेच.

मधला भाग मात्र... इथे मेव्हणाही गप्प बसला, कारण मीच बोलायचा थांबलो होतो. मिरी मागे सरली, गेली नाही, नाकाच्या मुळाशी बसून राहिली. तिच्यापुढे भाजलेली कॉफी आली, मग कडवट चॉकलेट, मग नव्या चामड्याचा वास. धूर दाट, जड, गालांच्या आत साय धरावी तसा. हा खरा भरदारपणा, आणि त्याचा कडकपणाशी संबंध आपण समजतो तेवढा नाही. मागे एकदा माद्रिदला पार्तागासची सेरिए दे नंबर ४ ओढली होती. क्युबाची, चांगली वजनदार. तिने असंच तोंड भरलं होतं, पण डोक्याला हात घातला नव्हता. आन्तान्यो दोन्ही करते, आणि दुसरं केलं म्हणून तिचं नाव झालंय. मला वाटतं पहिल्यासाठी व्हायला हवं होतं.

ह्या कारखान्याचा इतिहास आठवला. एस्तेली, निकाराग्वाच्या उत्तरेला, पॅन-अमेरिकन महामार्गावरचं गाव, माती ज्वालामुखीची. १९५९च्या क्रांतीनंतर क्युबा सोडलेल्या तंबाखूवाल्यांना ही जमीन मानवली आणि १९६८ साली होया दे निकाराग्वा तिथे सुरू झाली. पुढे १९७९पर्यंतच्या यादवीत एस्तेलीवर तिथला हुकूमशहा सोमोसा ह्याच्या विमानांनी बॉम्ब टाकले. १९८५ साली अमेरिकेने व्यापारबंदी लादली, ती १९९०पर्यंत. आन्तान्यो काढली ती सत्तरच्या दशकातल्या जुन्या दणकट सिगारची आठवण म्हणून. आमची निपाणीही महामार्गावरच, पुणे-बंगळूरच्या. १९८१ साली शरद जोशींच्या मागे तंबाखू उत्पादक त्याच रस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. आमच्या घरी त्या वर्षाविषयी मोठी माणसं हलक्या आवाजात बोलत. तंबाखूच्या पानाला भाव चढला की त्याच्याभोवती बंदुका फिरायला लागतात, मग गाव कुठलंही असो.

असो. मधेच एका बाजूने जळत पुढे पळायला लागली होती, लायटरने कड सारखी केली. राख करडी, घट्ट, इंचभर टिकत होती. ओढ मोकळी. वळणाऱ्याच्या हाताला दाद.

शेवटच्या टप्प्यात चॉकलेट गेलं, कॉफी करपली, माती आणि कोळसा उरला. कपाळावर घाम, पोटात ढवळ. निपाणी, वखार, पिढीजात सवय, कशाचाही उपयोग नाही. आतून हिचा आवाज, “अहो, चेहरा बघा तुमचा!” आणि पाठोपाठ वाटीत गुळाचा खडा. निकोटिन चढलं की गोड खावं, हा उपाय सिगारवाल्यांत सगळीकडे चालतो, आणि गुळाने काम साखरेपेक्षा वेगात केलं असं आपलं मला वाटलं. सिगार रक्षापात्रात ठेवून दिली. ती चुरगाळून विझवायची नसते, आपोआप विझू द्यायची, नाहीतर अंगणभर घाण वास.

गुण द्यायचे तर मधल्या भागाला दहापैकी नऊ, एकूण सात. पेटीत आणखी आहेत, त्या ह्यूमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या डब्यात, तळाशी सरकवल्यात. वर्षभर मुरल्या की मिरी थोडी उतरेल. मेव्हणा म्हणतो, मग ती पाटी कशाला बघायची? त्याला म्हटलं, पुढच्या वेळी आन्तान्योचीच कॉन्सुल आणू. जाडी तीच, पण साडेचार इंचाची. तुला एक, मला एक.

“मला नको,” म्हणाला. “तुम्ही ओढा, मी गूळ धरून बसतो.”