थंड पडणारे इंजिन आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ : माझा अनुभव

इंजिन तापते अशी तक्रार घेऊन गेले की सर्व्हिस सेंटरमध्ये लगेच बॉनेट उघडले जाते. ते पुरेसे तापत नाही असे सांगितले, तर समोरचा माणूस जॉब कार्डवर लिहिण्याऐवजी पेन खाली ठेवतो. या एका गोष्टीमुळे मला झालेला मनस्ताप अजून ओसरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी डिझेलवर चालणारी, बीएस ६ मानकाची आणि वॉरंटी संपलेली आहे. नोकरीसाठी मी नाशिकहून निफाडला रोज जाते-येते. हिवाळा सुरू झाल्यावर तापमानाचा काटा मध्यावर येईनासा झाला, आला तरी मोकळ्या रस्त्याला लागताच पुन्हा खाली उतरू लागला, हीटरमधून कोमट हवा येऊ लागली आणि डिझेल पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागले. त्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा दिवा वारंवार लागू लागला, तेव्हा हे प्रकरण नुसत्या काट्याचे नाही हे माझ्या लक्षात आले.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पहिले उत्तर मिळाले ते असे : “मॅडम, इंजिन थंड राहतंय ते चांगलंच आहे की. थंडीचे दिवस आहेत, काटा खालीच राहणार.” निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे हे मला कुणी सांगायला नको, पण बाहेर कितीही थंडी असली तरी इंजिनाने आपले तापमान राखावे, यासाठीच तर थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या आत मेणाची एक छोटी कुपी असते. कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव, साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की मेण प्रसरण पावते आणि व्हॉल्व उघडू लागतो. तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे, म्हणजे वाऱ्याने ते थंड करणाऱ्या जाळीकडे, न जाता इंजिनातच फिरत राहते. शून्याखालच्या थंडीत काश्मीरमध्ये धावणाऱ्या गाड्यांची इंजिनेही याच यंत्रणेमुळे गरम राहतात, त्यामुळे नाशिकच्या हिवाळ्याचे कारण पुढे करणे मला पटले नाही आणि मी ते तिथेच बोलून दाखवले.

मग त्यांनी तपासणी केली, आणि माझे खरे भांडण आहे ते त्या तपासणीच्या पद्धतीशी. द्वारका चौकाच्या कोंडीतून रखडत आलेली, चांगली तापलेली गाडी त्यांनी आत घेतली, उभ्या जागी इंजिन चालू ठेवून स्कॅनर जोडला, पडद्यावर ८७ अंश दिसले, फॉल्ट कोड एकही आला नाही आणि कागदावर ‘सगळं नॉर्मल’ असा शेरा पडला. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल तर उभ्या गाडीत तो दोष बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण रेडिएटरवर वारा येत नाही, कूलंटची उष्णता निघून जात नाही आणि उशिरा का होईना इंजिन योग्य तापमानाला पोहोचते. दोष उघड होतो तो गाडी वेगात असताना, जेव्हा समोरचा गार वारा रेडिएटरवर आदळतो आणि उघड्या राहिलेल्या वाटेने आलेले कूलंट सतत थंड होत राहते. या दोषासाठी पी-०१२८ हा कोड ठरलेला आहे खरा. परंतु थंड सुरुवात, धावलेले अंतर, बाहेरचे तापमान अशा अटी पूर्ण झाल्याशिवाय गाडीचा संगणक ती चाचणी पुरी करत नाही, त्यामुळे कोड नाही म्हणजे दोष नाही असा अर्थ काढता येत नाही.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी माझ्यासोबत चालवून पाहा, एवढीच माझी विनंती होती. त्यावर ट्रायल घेणारा माणूस दहाशिवाय येत नाही, ट्रायल पुढच्या सिग्नलपर्यंतच घेतली जाते आणि ‘इंजिन थंड’ अशी तक्रार सिस्टीममध्ये निवडताच येत नाही, अशी उत्तरे मिळाली. दरम्यान त्यांनी स्कॅनरवरून डीपीएफची काजळी जाळून दिली, त्याचे बिल लावले आणि दिवा थोड्याच दिवसांत पुन्हा लागला. तो लागणारच होता. काजळी जाळण्यासाठी गाळणीत सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि इंजिन पुरेसे गरम झाल्याखेरीज संगणक ती क्रिया सुरूच करत नाही, त्यामुळे मूळ दोष तसाच ठेवून गाळणी साफ करण्याला काही अर्थ नव्हता. त्यानंतर त्यांनी तापमानाचा सेन्सर बदलण्याचे कोटेशन दिले. ते मी नाकारले, कारण सेन्सर बरोबर आहे हे मला घरीच समजले होते.

कसे, तेही सांगते. ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे स्कॅनर जोडण्याच्या गाडीतल्या जागेत, बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर बाजारात सहज मिळतो. तो लावला की काट्याऐवजी खरा आकडा मोबाइलवर दिसतो. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच मध्यावर स्थिर राहील असा बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, फक्त चावी फिरवून, कूलंटचे आणि इंजिनात येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. रात्रभर थंडावलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. माझ्या गाडीत ते ११ आणि १२ होते. त्यानंतर निफाडच्या वाटेवर शेजारी बसलेल्या मुलाने आकडे लिहून घेतले (गाडी चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये). नांदूर नाक्याच्या गर्दीत ७४ पर्यंत चढलेले तापमान माडसांगवीच्या पुढे ६० पर्यंत उतरले, चांदोरीला गाडी थांबवून इंजिन चालू ठेवले तेव्हा पुन्हा चढले आणि निघताच परत खाली आले. थांबल्यावर चढणे आणि धावताना उतरणे ही या दोषाची सर्वांत ठळक खूण आहे.

बिघडलेला सेन्सर अशी वाऱ्याबरोबर चढउतार सहसा दाखवत नाही. तरीही शंका वाटली, तर थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या आवरणावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून आकडा ताडून पाहता येतो. रेडिएटरचा पंखा विनाकारण चालू राहत नाही ना, हेही एसी बंद ठेवून पाहावे. त्याआधी, थंड इंजिनावर, कूलंटची पातळी बघावी. ती कमी असेल आणि सेन्सरभोवती हवा अडकली असेल तर आकडाच चुकीचा येतो.

हे टिपण घेऊन मी अंबडच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी ते नीट वाचले आणि सकाळी येऊन, थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवला. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व चांगला असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. माझ्या गाडीचा पाइप पहिल्या काही मिनिटांतच हळूहळू कोमट होऊ लागला. त्यांनी तेवढ्यावर निदान केले. काढलेला जुना व्हॉल्व माझ्या हातात दिला तेव्हा तो साध्या हवेतही उघडाच होता, तोंडाशी स्पष्ट फट दिसत होती. मला फार बरे वाटले.

आणखी एका मेकॅनिकने “व्हॉल्व काढूनच टाका, आपल्याकडे लागत नाही” असे सुचवले होते. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि तो मुळीच ऐकू नये, कारण व्हॉल्व काढणे म्हणजे हाच दोष कायमचा करून घेणे होय. थंड इंजिनात डिझेल जास्त जाते, ऑइलमध्ये उतरलेले पाणी आणि इंधन उडून जात नाही आणि झीज वाढते.

नवा व्हॉल्व कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच घ्यावा, सील नवे घालावे आणि कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढून घ्यावी. नाहीतर नवीन भाग बसवूनही काटा भलतेच दाखवतो. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू देऊ नये; ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात.

आता निफाडच्या रस्त्यावर आकडा ८५ ते ९० च्या दरम्यान राहतो आणि डीपीएफचा दिवा पुन्हा लागलेला नाही. ज्यांच्या गाडीत तो दिवा वारंवार लागत होता, त्यांनी दुरुस्तीनंतर डिपस्टिक काढून ऑइलची पातळी अवश्य पाहावी. अर्धवट राहिलेल्या जाळणीमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी वर चढते. माझ्या गाडीत ती वरच्या खुणेच्याही पुढे गेली होती, म्हणून मिस्त्रींनी त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलायला लावले.