टिळकवाडीतली उभी गाडी आणि वीस वॉटचं पॅनेल

इथे स्टुटगार्टमध्ये उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला बंदी आहे. जर्मन वाहतूक नियमावलीत त्यासाठी तिसावं कलम आहे आणि दंड ८० युरो. रुपयांत किती ते तुम्हीच करा, मी करणं सोडलंय. मला हे कळलं ते जानेवारीत. काचेवरचा बर्फ वितळावा म्हणून गाडी चालू करून मी बाजूला हात चोळत उभा होतो. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा घरातल्या चपलांवरच खाली आले, नमस्कार-चमत्कार झाले, कलम सांगितलं, दंड सांगितला आणि खिशातून बर्फ खरवडायची पट्टी काढून माझ्या हातात दिली. आवाज जरासुद्धा चढवला नाही. त्याचंच जास्त लागलं. कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं इंजिन गरम केलं तर काय बिघडतं, हे मला आजही पटलेलं नाही. ज्या देशात महामार्गाच्या मोठ्या भागावर वेगाला मर्यादाच नाही, तिथली हवा माझ्या उभ्या गाडीने बिघडते म्हणे! असो.

मी आपली बाजू सावरायला सांगितलं, की आमच्या बेळगावात माझे वडील दर रविवारी गाडी दहा मिनिटं चालू करून ठेवतात, नाहीतर बॅटरी उतरते. आजोबांनी विचारलं, "आणि दहा मिनिटांनी चढते?" मला उत्तर सुचायच्या आत ते मला इमारतीच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे त्यांची कॅम्परव्हॅन उभी होती. इकडे हंगामी नंबरप्लेट मिळते, तिच्यावर महिने छापलेले असतात. त्यांच्या प्लेटवर एप्रिल ते ऑक्टोबर होतं. बाकीचे महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर नाहीच, उभीही करायची नाही. कर आणि विमा मात्र तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. गाडी पाच महिने जागची हलत नाही आणि एप्रिलमध्ये पहिल्या किल्लीला चालू होते, कारण टपावर एक छोटं सोलर पॅनेल आहे. बास, एवढंच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात टिळकवाडीतली आमची गाडी बसली.

ती कशी उभी असते ते बेळगावकरांना सांगायला नको. कंपाऊंडच्या आत, पत्र्याच्या शेडखाली, वर कव्हर, कव्हरवर मांजर. बाबांना मोतीबिंदूनंतर रात्री चालवायला नको वाटतं, दिवसा रिक्षा सोयीची पडते. मी सुट्टीवर आलो की गाडी चोर्ल्यातून गोवा, नाहीतर निपाणी-कागलवरून कोल्हापूर पाहते. मधले महिने उभीच. घरी पोचलो की पहिल्याच सकाळी किल्ली फिरवायची, आतून टक् टक् टक् असा आवाज यायचा आणि गल्लीतली चार माणसं धक्का द्यायला गोळा व्हायची. धक्का एक, सल्ले चार.

त्या सल्ल्यांत सगळ्यात टिकाऊ हा रविवारचा. मामा सांगतात, शेजारचे काका सांगतात, दुधवालाही सांगतो. या सल्ल्यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण घरी यावरून मी बराच घसा कोरडा केला आहे.

गाडी बंद असली तरी तिच्यात काही गोष्टी जाग्या असतात. घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरघंटा, इंजिनच्या कंप्युटरची आठवण. हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर ओढतं. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ३० धरले तरी दिवसाला सुमारे पाऊण अँपिअर-तास जातात (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास), आठवड्याला पाच. आमच्या छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून जास्त रिकामी. शिवाय बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरत असते आणि उन्हाळ्यात जास्त भराभर उतरते.

आता रविवारची दहा मिनिटं. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअरचा झटका घेतो, पण सेकंदा-दोन सेकंदांचाच, ते लगेच भरून निघतं. खरी अडचण पुढे आहे. उभ्या गाडीत इंजिन नुसतं घुरघुरत असताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा इंजिनवरचा जनित्र, आपल्या ताकदीच्या थोड्याच भागावर चालतो, त्यातलं काही इंजिन स्वतःच खातं. आणि लेड-अॅसिड बॅटरीला घाई चालत नाही, भरत आली की ती करंट कमी कमी घेते, शेवटचा हिस्सा तासन्‌तास रेंगाळत भरतो. आठवडाभराचे पाच अँपिअर-तास दहा मिनिटांत परत येत नाहीत. दर रविवारी थोडी तूट राहते आणि ती साठत जाते. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइल नीट गरम होत नाही, पेट्रोल जळतं ते वेगळं. गाडी न्यायचीच असेल तर खानापूर रोडवरून अर्धा-पाऊण तास फिरवून आणावी. शेडमध्ये घुर्रर्र करून काही होत नाही.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "चालू होते की नाही ते तरी कळतंय की." याला माझ्याकडे उत्तर नाही.

अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. नंतर कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी ताकद येत नाही. म्हणून दर दोन-अडीच वर्षांनी आमच्याकडे नवी बॅटरी, आणि दरवेळी निष्कर्ष एकच, "हल्लीच्या बॅटऱ्यांत दम नाही." बॅटऱ्यांना उगाच बोल. इकडेही काही वेगळं नाही बरं का. जर्मनीतल्या वाहनचालकांच्या एडीएसी या संघटनेच्या अलीकडच्या आकडेवारीत मदतीसाठी बोलावलेल्या गाड्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त ठिकाणी मूळ कारण बॅटरीच निघतं. शिस्तीच्या देशातही गाड्या टक् टक् करतात, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

फुकटचा उपाय एक आहे. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं. दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटं. ज्यांची गाडी सहा महिने कुणालाच लागणार नाही त्यांनी खुशाल हेच करावं. आमच्याकडे मात्र गाडी रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी लागेल म्हणूनच ठेवलेली आहे. अशा वेळी चालवायला शेजारचे काका तयार असतात, त्यांना टॉर्च धरून पाना शोधायला लावायचं म्हणजे गाडी ठेवण्याला अर्थ काय राहिला?

तर गणपतीला आलो तेव्हा पॅनेल बसवलं. आधी सगळ्यांनी सांगितलं, की डॅशबोर्डवर ठेवायचं पॅनेल मिळतं, सिगारेट लायटरच्या भोकात पिन घातली की झालं. आमच्या कामाचं नव्हतं. एक तर गाडी शेडखाली, डॅशबोर्डवर ऊन येतच नाही. येत असतं तरी काचेतून आणि आडव्या कोनातून निम्मंसुद्धा मिळत नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की ते सॉकेटच बंद होतं. पॅनेल चमकत बसतं आणि बॅटरीपर्यंत काही पोचत नाही. घेण्याआधी किल्ली काढून त्या सॉकेटात मोबाइल चार्ज होतो का बघा, लगेच कळेल.

मी पॅनेल शेडच्या पत्र्यावर बसवलं, दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा अंशांच्या आसपास उतार देऊन. बेळगाव साधारण सोळा अक्षांशांवर आहे, त्यामुळे एवढा उतार पुरतो, आणि उतार असला की पावसाने धूळही वाहून जाते. तसं बघितलं तर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला बराच काळ ढगच असतात, मग त्याची फिकीर कशाला करायची.

खरा प्रश्न पावसाचाच. उन्हाळ्यासाठी पाच-दहा वॉटचं पॅनेल भरपूर झालं असतं. पण जुलैत आपल्याकडे ऊन दिसतं कुठे? दाट ढगांत पॅनेल छापील ताकदीच्या दहा-वीस टक्के देतं. वीस वॉटचं पॅनेल अशा दिवशी पाऊण-एक अँपिअर-तास देईल, गाडीही साधारण तेवढंच खाते. म्हणजे पावसात जमाखर्च कसाबसा बरोबरीत आणि ऊन पडलं की शिल्लक. म्हणून वीस. कणकुंबीला राहणाऱ्याने याहून मोठं घ्यावं, तिथल्या पावसाशी माझं गणित चालणार नाही.

वीस वॉटचं पॅनेल बॅटरीला थेट जोडायचं नाही. मध्ये चार्ज कंट्रोलर हवा, साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा पुरतो, एवढ्याशा पॅनेलला महागडा एमपीपीटी घेऊन फायदा नाही. उन्हात पॅनेलचं व्होल्टेज अठराच्या वर जातं. कंट्रोलर बॅटरीला आधी १४.४ च्या आसपास भरतो आणि मग साडेतेरा-पावणेचौदावर नुसता धरून ठेवतो, कुंद्यासाठी दूध मंद आचेवर ठेवतात तसा. रात्री करंट उलटा पॅनेलकडे जाऊ नये हेही तोच बघतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट क्रम. आणि पॉझिटिव्हच्या वायरवर, टर्मिनलला अगदी लागून, छोटा फ्यूज. हा फ्यूज कुणी टाळू नये. पॅनेलमधून काही पेटणार नाही, पण वायर कुठे घासली तर बॅटरी स्वतः ती लाल करू शकते. वायर मी पीव्हीसी पाइपातून नेली, कारण आमच्या शेडमधले उंदीर माझ्यापेक्षा जुने रहिवासी आहेत.

पॅनेल, कंट्रोलर, वायर, पाइप, फ्यूज मिळून खर्च नव्या बॅटरीच्या जवळपास निम्मा आला. गोवावेसच्या दुकानदाराने सामान देताना आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग मला बाहेरचा समजून हिंदीत विचारलं, "घर पे लाइट नहीं है क्या?"

आता थोडं कौतुक. जर्मनीत सध्या बाल्कनीच्या कठड्याला सोलर पॅनेल टांगायची लाट आहे. ८०० वॉटपर्यंतचा इन्व्हर्टर, साधा प्लग, घरच्या सॉकेटात घातला की वीज सुरू. २०२३ पासून त्यावर विक्रीकर शून्य केलाय, आणि २०२४ पासून भाडेकरूलाही ते लावायचा कायदेशीर हक्क आहे, घरमालकाला उगाच नाही म्हणता येत नाही. हे ज्या देशात डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर येतो तिथे! त्याच दिवशी बेळगावात तो पन्नास अंशांवर असतो. वर्षाची बेरीज धरली तर इकडे आपल्या निम्म्याहून थोडंच जास्त ऊन पडतं. आणि तेवढ्यावर यांचा केवढा उत्साह.

आजोबांनी एकदा मला सहज विचारलं, तुमच्याकडे एवढं ऊन आहे तर तुम्ही काय करता? मग मात्र मी सुटलो. आमच्या गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर बंब किती वर्षांपासून आहेत ते सांगितलं. घराच्या छतासाठी केंद्राची सूर्यघर योजना आणि तिचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान सांगितलं. मग पावगड काढलं, २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प, आमच्या कर्नाटकात. हो, "आमच्या कर्नाटकात" असंच म्हणालो. एक नोव्हेंबरला आमच्या घरात कर्नाटकाबद्दल काय बोललं जातं ते सीमाभागातल्या वाचकांना ठाऊक आहे, इतरांना सांगून उपयोग नाही. पण जर्मन माणसासमोर पावगड माझंच होतं. माझ्या स्वतःच्या बापाच्या शेडवर तोपर्यंत एक वॉटसुद्धा नव्हता, ही गोष्ट त्यांना सांगायची गरज मला वाटली नाही.

भाऊ पुण्याहून म्हणतो, विकून टाक, महिन्यातून दोनदा टॅक्सी केली तरी स्वस्त पडेल. हिशेब त्याचा बरोबर आहे. विमा, प्रदूषण चाचणी, टायर, आता हे पॅनेल. पण टॅक्सी पहाटे तीनला टिळकवाडीत किती वेळात येते ते त्याने एकदा बघावं. आणि केए-२२ ची जुनी गाडी विकून येणार तरी किती? पुन्हा घ्यायची म्हटलं तर नवी केवढ्याला? शिवाय सध्या तिची काळजी घ्यायला पैसेही फारसे लागत नाहीत, वर उन्हाला बिल येत नाही. हे सगळे मुद्दे मी त्याला व्हॉट्सअॅपवर सविस्तर लिहून पाठवले. त्याने अंगठा पाठवला.

देखरेख आईकडे आहे. तिला एक साधा मल्टिमीटर घेऊन दिला आणि सांगितलं, की सकाळी ऊन पडायच्या आधी माप, दुपारी मापलंस तर पॅनेलचंच व्होल्टेज दिसेल. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली गेली तर मला फोन. आई निवृत्त शिक्षिका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांशेजारी ती आकडे लिहिते आणि महिनाअखेरीस फोटो पाठवते. अजून १२.५ च्या खाली आकडा आलेला नाही. एकदा आला होता १.२६, तो टिंबाचा घोळ होता.

सध्या घरात वाद नारळाच्या झावळीचा आहे. दुपारी दोननंतर तिची सावली पॅनेलवर पडते. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे बोटभर सावली दोन-चार सेलांवर पडली तरी अख्ख्या पॅनेलचा दम जातो. मी म्हणतो झावळी उतरवा. बाबा म्हणतात पॅनेल सरकव, झाड आधीचं आहे. पुढच्या सुट्टीत पॅनेलच सरकेल असं दिसतंय.

मधल्या काळात शेजारच्या काकांना त्यांच्या स्कूटरसाठी असंच पॅनेल हवंय. काका, तुम्ही हे वाचताय म्हणून इथेच सांगतो. स्कूटरची बॅटरी चार-पाच अँपिअर-तासाची असते, तिला आमच्याएवढं वीस वॉटचं लावू नका, उकळेल. तुम्हाला दोन-तीन वॉटचं पुरे, आणि कंट्रोलर तुम्हालाही हवाच. नाहीतर सरळ रोज बाजारात न्या ना ती, तुमची तर गाडी बाहेर रस्त्यालाच असते.