'असेन' आणि 'आहे'

एम.ए.च्या वर्गाला फायलो मी दरवर्षी दोन तासांत शिकवून संपवतो. या वर्षी एका वाक्यावरच तास संपला.

फायलो हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ, जन्म इसवी सन पूर्व 20च्या सुमारास. धर्मानं ज्यू, पण शास्त्र वाचायचा ते ग्रीकमधून. तोराचं, म्हणजे ज्यूंच्या शास्त्रातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात झालेलं होतं. जळत्या झुडपातून देव मोशेला आपलं नाव सांगतो, ते त्यातल्या 'निर्गम' या पुस्तकातलं वचन (3:14) मी फळ्यावर लिहिलं. हिब्रूत 'एह्ये अशेर एह्ये'. याचा अर्थ 'मी असेन तो असेन' असाही लावता येतो. त्याखाली ग्रीक: 'एगो एइमी हो ओन', मी तो, जो आहे.

'असेन'चं 'आहे' झालं आणि प्लेटोला आत यायला दार मिळालं. जे कधी बदलत नाही तेच खऱ्या अर्थानं 'आहे', हे प्लेटोचं म्हणणं. फायलो तर 'हो ओन'च्या जोडीला 'तो ओन' असं नपुंसकलिंगही वापरतो. म्हणजे 'जो आहे'चं 'जे आहे'! हा फरक मराठीत जसाच्या तसा दाखवता येतो, याचा मला फार आनंद होतो.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आपलं 'सत्'च ना?"

मी 'सत्' लिहिलं आणि हात थांबला. ती आत्ता जे करत होती, तेच फायलोनं केलं होतं. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "आमच्या मराठी बायबलात 'मी आहे तो आहे' असं आहे." तेही खाली लिहिलं.

फायलोनं ग्रीक विचारापायी धर्म पातळ केला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. नियमांमागचा गूढार्थ कळला म्हणून शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि सुंता सोडणाऱ्यांना त्यानंच खडसावलंय: शरीर हे आत्म्याचं घर म्हणून आपण जपतो, तशी अक्षरातल्या नियमांचीही निगा राखावी लागते. इसवी सन 38मध्ये शहरात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा रोमन सम्राट कॅलिगुलाकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा प्रमुखही तोच होता, उतारवयात.

घंटा झाली. मी 'सत्' पुसायला गेलो, तर तीच मुलगी म्हणाली, "राहू द्या ना सर. वरचं हिब्रू पण पुसू नका, मला चारही ओळी उतरवून घ्यायच्यात."