कारणांच्या यादीत कान नव्हता

हेडफोन निवडायला मला एक शनिवार पुरला. त्याआधीचा परत करायला बावीस दिवस लागले. त्यामुळे या लेखात निवडीपेक्षा परतीचं रडगाणं जास्त असणार, आधीच सांगते.

मी भांडुपला राहते, नोकरी लोअर परळला. जाता-येता टेक्नो आणि ड्रम अँड बास ऐकते, म्हणजे मशीनवरचं ठोक्यांचं संगीत; सगळा खेळ बासचा, खालच्या पट्टीतल्या आवाजाचा. आईचं म्हणणं, खाली पिठाची गिरणी फुकट ऐकू येत असताना त्यावर पैसे कशाला घालवायचे? जुना हेडफोन मेला तेव्हा बजेट ठरवलं चार हजार. सेलमध्ये २,७९९ला एक दिसला. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘डीप बास’, खाली ‘४० मिमी ड्रायव्हर’, आणि पानावर एक ओळ : ‘चष्म्यासोबतही तासन्‌तास आरामदायी’. स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवला, ‘घेऊ का?’ त्याने अंगठा दाखवला. घेतला.

पहिल्याच दिवशी विक्रोळीपर्यंत ठीक होतं. कुर्ल्याला डाव्या कानाची पाळी जळायला लागली. परळला उतरले तेव्हा हेडफोन गळ्यात होता आणि चष्म्याच्या काडीचा वळ कानामागे. कानावर नुसती टेकणारी गादी होती ती, कान आत घेणारी नव्हे. गादी काडीवर दाबत होती, आणि काडीमुळे जी फट राहायची तिथून बास बाहेर. म्हणजे दुखणं माझं आणि बास शेजारच्या बाईला.

परत करायचं ठरवलं. अ‍ॅपमध्ये कारण निवडायचं होतं : वस्तू खराब, चुकीची वस्तू, भाग कमी, रंग वेगळा, आवाजात दोष. ‘कान दुखतो’ हे कुठेच नाही. ‘इतर’ही नाही! मी ‘आवाजात दोष’ दाबलं आणि तिथेच फसले, कारण आता मला दोष सिद्ध करायचा होता. व्हिडिओ पाठवा म्हणाले. पाठवला. उत्तर आलं, ‘व्हिडिओत आवाज व्यवस्थित येत आहे.’ अहो, फोनच्या माइकला चाळीस-पन्नास हर्ट्झचा बास पकडता आला असता तर रडायचं कशाला? मग रीसेट करा, मग फोन बदलून बघा, मग फर्मवेअर अपडेट करा. प्रत्येक वेळी नवा माणूस आणि प्रत्येकाला कहाणी गणपतीपासून. एकाने तर विचारलं, ‘मॅडम, लेफ्ट-राइट उलटा तो नहीं पहना?’

पाचव्या दिवशी बदली मंजूर झाली. मी खूश. खोकं उघडलं तर तोच हेडफोन, तोच रंग, तीच गादी. दुसऱ्या दिवशी कुर्ला आलं आणि पाळी परत जळायला लागली.

पुन्हा अर्ज केला तर ‘बदली एकदाच’, आणि सात दिवसांची मुदत पहिल्या डिलिव्हरीपासून मोजलेली. विनंती बंद. चॅटवरच्या मुलीने शेवटी ‘हॅव अ ग्रेट डे’ लिहिलं तेव्हा मी दादरच्या पुलावर उभी होते. फोन रुळांवर भिरकावायचाच बाकी होता.

वाट सापडली ती ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. ती म्हणाली, ‘अगं, चॅटवर काय बसलीयस? तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाक.’ ई-कॉमर्सचे २०२० सालचे नियम आहेत. त्यानुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, पण होतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची : वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे मला आवाजातला दोष सिद्ध करायची गरजच नव्हती. ‘चष्म्यासोबतही आरामदायी’ ही ओळ पुरेशी होती. तोवर पानावरून ती गायब झाली होती, पण भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शाबूत. त्यामुळे काहीही घेताना त्याच दिवशी पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मेल चार ओळींचा केला. ऑर्डर क्रमांक, स्क्रीनशॉट, कानामागच्या वळाचा फोटो, पैसे परत हवेत. रागाचा एकही शब्द नाही, हे फार जड गेलं. पोच दुसऱ्या दिवशी आली, मग आठवडाभर शांतता. सतराव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करून तक्रार नोंदवली. बाविसाव्या दिवशी पैसे खात्यात. दोन्ही खोकी न्यायला आलेल्या मुलाने विचारलं, ‘चालत नाही का?’ म्हटलं, चालतो, मला चालत नाही.

आता निवडीचं. प्रभादेवीहून स्लो लोकल, ग्रँट रोडला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोड. चष्मा लावूनच जा, केसही रोज बांधता तसेच. गाणं आपल्या फोनवरचं लावा, दुकानदाराचं नको. मी ८०८चा लांब ओढलेला किक, म्हणजे ढोलासारखा जाड ठोका, असलेला ट्रॅक नेला होता. रोलँडचं ते ड्रम मशीन १९८० सालचं, आणि त्याच्या किकची शेपटी इतकी खाली जाते की स्वस्त हेडफोनचं पितळ तिथेच उघडं पडतं. बरेच ‘बासवाले’ हेडफोन शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपासच फुगवतात. मग ढोल बादलीत वाजवल्यासारखा येतो आणि किक कुठे संपतो, बासलाइन कुठे सुरू होते, काही कळत नाही. खोक्यावरचं ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ सोडून द्या, ते जवळपास प्रत्येकावर छापलेलं असतं.

एक युक्ती दुकानातल्या काकांनी दाखवली. हेडफोन घालून दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबायचे. बास एकदम वाढला तर समजायचं, फट आहे आणि बास गळतोय. आठ हेडफोन घातले, पाच गळत होते. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स फार आवडला, बास नेटका, कानाला मऊ. पण वायर तीन मीटर. लेडीज डब्यात ती तीन बायकांना गुंडाळली असती, आणि माझ्या फोनला जॅकही नाही. शेवटी ३,६००चा ब्लूटूथ घेतला : बंद कपांचा, कान पूर्ण आत घेणारा, नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरचा गोंगाट कापणारा. लोकलची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि नेमका बासच खाऊन टाकते. ती कमी झाली की आवाज न वाढवता बास मिळतो. मॉडेल लिहीत नाही, माझं डोकं तुमच्या डोक्यावर बसणार नाही.

बास आणखी हवा असेल तर इक्वलायझरमध्ये (फोनवर प्रत्येक पट्टी वेगळी कमी-जास्त करता येते तिथे) तो चढवण्याआधी एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर किक फाटतो. गादी रेक्झिनची असेल तर उतरवल्यावर फडक्याने पुसा. आपल्या दमटपणात तिचे पापुद्रे निघतात. पहिले चार दिवस नवा हेडफोनही जरा आवळत होता, म्हणून रात्री पोळ्यांच्या डब्यावर चढवून ठेवायचे. सैल झाला. आईने मात्र डबा दोनदा घासून घेतला.

आणि हो, रविवारी जाऊ नका. लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं बंद असतात. मी आधी रविवारीच गेले होते.