खाली कसा येणार, ते आधी विचारा

दारात कुठला पाम लावावा, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोव्यात प्रियोळच्या आमच्या घरावरून जाणारे निम्मे लोक गडग्यापाशी थांबतात आणि विहिरीमागे बोट दाखवतात. “हा एवढा उंच पाम कुठला? किती वर्षांत झाला? आमच्याकडे येईल?” नवा बंगला बांधलेल्यांना तर घाईच असते. भिंतींचा रंग वाळायच्या आत दारात काहीतरी टोलेजंग उभं राहायला हवं. माझ्या माहेरच्यांची अट आणखी वेगळी. माहेर निफाड तालुक्यातलं, जिथे थंडीच्या लाटेत पारा 5 अंशांखाली जातो आणि द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. धाकटा भाऊ दर दिवाळीला फोनवर तेच विचारतो, “ताई, थंडीत टिकणारा सांग. मोठा पाहिजे. भराभर वाढणारा पाहिजे.” मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा त्याने एवढ्या अटी घातल्या नव्हत्या.

सगळे विचारतात तो वर किती लवकर जाईल. खाली कसा येईल, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मलाही ते सुचलं नव्हतं. 2004 साली मी फाटकाच्या दोन बाजूंना दोन रॉयल पाम लावले तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की लग्नातल्या फोटोत दिसतं तसं दार दिसावं.

आणून लावल्यावर पहिली चार वर्षं ते दोघे नुसते बसून राहिले. पानं येत होती, पण उंची नाही. नर्सरीवाल्याने फसवलं असंच मी धरून चालले होते. पुढे कळलं की पामाची रीतच तशी. आंब्याचा बुंधा वर्षावर्षाला जाड होतो, कारण सालीखाली लाकूड वाढवणारा थर असतो. माडाच्या कुळात तो थर नाही. खोडाची जाडी जमिनीलगत आधी ठरते आणि मग तो त्याच जाडीने वर सरकतो. म्हणून सुरुवातीची वर्षं तो आपला पाया रुंद करत बसतो. त्या काळात पाणी-खत तोडलंत, तर पुढे कितीही ओतलं तरी तिथला बारीकपणा जात नाही. तोट्याची आणखी एक बाजू म्हणजे जखम भरत नाही. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसाठी आमच्या ह्यांनी ठोकलेला खिळा आज इतक्या वर्षांनीही ठोकला त्याच उंचीवर आहे, आणि त्याच्याभोवतीचं भोकही. पाचव्या वर्षापासून मात्र दोघे जे सुटले, ते विजेच्या तारांपर्यंत जाऊनच थांबले.

थांबले म्हणजे वीजखात्याची माणसं आली म्हणून. ते जाऊ द्या.

रॉयल पाम मूळचा क्यूबाकडचा. पाण्याचा लोभी, त्यामुळे आमच्या पावसात खूश. (आपल्याकडे त्याला सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणतात, ते चूक. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, बुडाशी सुरईसारखा फुगलेला, आणि माणसाच्या दुप्पट उंचीच्या वर फारसा जात नाही. तो समजून हा लावला तर काय होतं, याची उदाहरणं म्हापशापासून मडगावपर्यंत दिसतील.) रॉयलचं पान आपोआप गळतं. विकणारे हा त्याचा गुण म्हणून सांगतात, झाडावर चढून साफ करायला नको. खरं आहे. पण ते पान म्हणजे 3-4 मीटर लांब, बुडाशी हिरव्या पन्हळीसारखी जाड विरी (देठाचं आवरण) असलेलं, दहा-पंधरा किलोंचं धूड. साधारण महिन्याला एक. ते कधी सुटणार, याला मुहूर्त नाही. श्रावणात एका दुपारी वाराही नसताना एक सुटलं आणि माझ्या स्कूटरचा आरसा, हेडलाइट आणि पुढचं मडगार्ड घेऊन गेलं. मी दोन मिनिटांपूर्वी तिथून पिशव्या उचलून आत आले होते. त्या दिवसापासून कुणीही पामाचं विचारलं की मी आधी विचारते, गाडी कुठे लावता?

माडाला निदान पाडेली असतो. दोन-तीन महिन्यांनी येतो, नारळ पाडतो, सुकी चुडतं (पानं) आणि पोयी (फुलोऱ्याची आवरणं) उतरवतो, शेंड्यात काही बिघडलंय का तेही बघतो. रॉयलची सुकी पानं वेळेआधीच उतरवून घ्यावीत म्हणून मी आमच्या पाडेल्याला विचारलं, तर त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे. “वयनी, हांगा चडून कितें मेळटलें?” इथे चढून काय मिळणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माडाचं खाली येणं वेगळं, आणि ते मी पाहिलंय. परसातला बाणावली जातीचा माड, सासऱ्यांनी लावलेला. आधी नव्या पानांना कात्रीने कापल्यासारखे तिरके काप दिसायला लागले. तो गेंड्या भुंगा. न उघडलेल्या पानात शिरून चावतो, आणि पान उघडलं की नक्षी दिसते. मी ती नक्षी बघत बसले. त्याने केलेल्या भोकांतून आत गेला सोंड्या भुंगा, तांबूस, पुढे सोंड असलेला. त्याच्या अळ्या खोड आतून खातात. बाहेर दिसतं ते तपकिरी पाझर आणि चोथा एवढंच. कान लावला तर कुरकुर ऐकू येते म्हणतात, आणि मी लावला तेव्हा खरंच आली. पण तोवर उशीर झाला होता. जुलैत एका रात्री शेंडा जागेवरून निखळून लोंबला. माडाला वाढायला एकच कोंब असतो. तो गेला की बाजूने फुटवा येत नाही, उभा खांब उरतो.

हा सोंड्या आपल्याकडचाच, दक्षिण आशियातला. खजुराच्या रोपांबरोबर आखातात गेला आणि 1990च्या दशकात स्पेनला पोचला. तिथल्या रस्त्यांवरचे, मूळ कॅनरी बेटांचे डौलदार पाम त्याने हजारोंनी पाडले. मला त्याचा अभिमान वाटावा की काय, ठरत नाही.

तेव्हापासून पावसाआधी प्रत्येक कवाथ्याच्या (कोवळ्या माडाच्या) वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरते. शेणखताचा ढीग झाडाजवळ ठेवत नाही, गेंड्या त्यातच वाढतो. हिरवं पान हौसेने छाटत नाही, ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. आणि आमच्या जांभ्या चिऱ्याच्या जमिनीत नुसता खड्डा पुरत नाही. सव्वा मीटर लांब, रुंद, खोल घ्यायचा आणि तळाला दोन किलो खडेमीठ टाकून पाऊस खाऊ द्यायचा, म्हणजे चिरा मऊ पडतो. सासरे हे करायचे तेव्हा मला जुनी समजूत वाटायची. पुढे नारळ संशोधनवाल्यांच्या शिफारशीत तेच वाचलं, आणि माफी मागायला सासरे नव्हते.

मेलेला माड काढायलासुद्धा परवानगीचा अर्ज करावा लागला. 2016 साली गोवा सरकारने माडाला वृक्षसंरक्षण कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळलं होतं, गावभर ‘माड म्हणजे गवत’ अशी थट्टा चालली होती. 2017 मध्ये तो पुन्हा झाड झाला. आमचा नेमका त्यानंतर मेला.

आता तुम्ही बोट दाखवता तो विहिरीमागचा. तो मी लावलेला नाही. तो भेरली माड, आमच्या सह्याद्रीतला. उदमांजराने कुठेतरी फळं खाल्ली आणि आमच्या विहिरीमागे बी टाकलं. 2001 च्या सुमारास माशाच्या शेपटीसारखी पानं दिसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ठेव, चवथीला गणपतीवरच्या माटोळीला (फळाफुलांच्या मांडवीला) कामाला येईल. कुणी पाणी घातलं नाही की खत. माझ्या लाडक्या रॉयलच्या तो पुढे गेला. मोठा आणि भराभर वाढणारा हवा ना? मग हाच. घाटमाथ्यावरच्या गारठ्यातही तो उभा असतो.

पण तो खाली कसा येतो, ते ऐका. 2019 च्या मार्चमध्ये त्याच्या अगदी शेंड्याशी पहिला फुलोरा लोंबला, दोन-अडीच मीटर लांब, नवरदेवाच्या मुंडावळ्या सोडाव्यात तसा. सगळे बघायला आले. पुढचा त्याच्या खालच्या पेरातून. त्याच्या पुढचा आणखी खालून. भेरली माड आयुष्यभर खोडात साठवलेलं सत्त्व घेऊन शेंड्याकडून बुडाकडे फुलत येतो, आणि सगळ्यात खालचा घोस झाला की मरतो. खतपाणी देऊन ते टळत नाही. पिकलेली फळं दिसतात गोंडस, पण हाताने कुस्करलीत तर दोन दिवस खाजवत बसाल. माझ्या नातवाने तो प्रयोग केलेला आहे.

उंच झाड, मरण ठरलेलं. लोक हे ऐकलं की गडग्यावरचा हात काढून घेतात आणि रॉयल आणायला नर्सरीत जातात.

भावाला काय सांगितलं? ऑनलाइन बघून त्याने चिनी विंडमिल पाम काढला होता, बर्फात उभा राहणारा, उणे 15 पर्यंत टिकणारा. म्हटलं, निफाडला रात्री शेकोटी लागत असेल, पण एप्रिलमध्ये तुझं अंगण 40 अंशांवर तापतं त्याचं काय? तो गार हवेचा जीव, उन्हाळ्यात कोमेजून बसेल. मेक्सिकोचा वॉशिंग्टोनिया दोन्ही सोसेल आणि वाढेलही सपाट्याने. पण त्याची सुकी पानं गळत नाहीत, खोडाभोवती परकरासारखी लोंबत राहतात आणि त्यात उंदीर नांदतात. दर दोन वर्षांनी क्रेन बोलावणार आहेस का?

“मग?”

“शिंदी लाव.”

पलीकडे बराच वेळ शांतता. नाल्याकाठची, ताडीवाल्यांची शिंदी? बंगल्यापुढे? अरे, तीच शिंदी फ्लोरिडात ‘सिल्वेस्टर पाम’ म्हणून हॉटेलांपुढे उभी करतात, आणि स्वस्तात मिळत नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून खाली दख्खनभर ती आपणहून येते, थंडी-ऊन दोन्ही पचवते. रॉयलइतकी धावत नाही, हे कबूल. पानाच्या देठाशी सुयांसारखे काटे असतात, म्हणून पायवाटेपासून दोन मीटर आत लाव. पण पान हलकं, आणि ते काढायला शिडी आणि कोयता पुरतो. अजून त्याने लावलेली नाही. वहिनीला आवडत नाही म्हणे.

इकडे भेरली माडाचा फुलोरा खोडाच्या मध्याखाली आलाय. पाडेल्याशी बोलून ठेवलंय. उभा वाळला की दोर बांधून तुकड्यातुकड्यांनी उतरवायचा. बाहेरचं लाकूड काळं आणि टणक असतं, आत भुसा. पूर्वी तो पोखरून कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाणी न्यायला पन्हळ करायचे, आम्हीही एक करून बघू. तो जरासा उत्तरेला कललाय, विहिरीच्या उलट बाजूला. तिकडे नातवाला चिकू लावायचा होता, मी लावू दिला नाही. सध्या तिथे फक्त अळू आहे.