फक्की, सुतळी आणि खुंटी: आमची वाटचाल

खेळाची मैदानं आखायच्या आमच्या धंद्याचं पहिलं भांडवल म्हणजे एक लोखंडी खुंटी, सुतळीचं बंडल आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधलेलं फक्कीचं, म्हणजे रेघा मारायच्या चुन्याच्या पुडीचं, पोतं. तेही बाबांचं नव्हे, क्लबचं.

पेठेतला हा छोटासा अॅथलेटिक्स क्लब. स्वतःचं मैदान त्याला कधीच नव्हतं. शाळा भरेपर्यंत शाळेचं मैदान मिळायचं, तेवढंच. बाबा तिथे पंधराशे मीटर पळायचे. पदकं बेताचीच, पण मैदान आखायचं तर त्यांनीच. सरावानंतर पोरांना घेऊन बसले की पुण्यातल्या डेक्कन जिमखाना क्लबची गोष्ट ठरलेली. तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी मुलं पाहून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवायचा घाट घातला, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. "आणि तुम्हाला बूट चावतात!" हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य.

पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली त्या १९८३ साली एका कॉलेजने बाबांना आखणीचे पैसे देऊ केले. पहिलंच काम, आणि तेच चुकलं.

चूक सांगण्यासारखी आहे. चारशे मीटरच्या ट्रॅकचं पुस्तकातलं माप असं: वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ बाजू ८४.३९ मीटर. पण हे माप आतल्या कडेला उंच कठडा असेल तेव्हाचं. तेव्हा पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात. नुसती फक्कीची रेघ असेल तर २० वर. बाबांनी पुस्तक जसंच्या तसं कठडा नसलेल्या मैदानावर उतरवलं. पहिल्या लेनचा मुलगा ६३ सेंटिमीटर कमी धावला आणि पहिला आला. क्लबच्या सरांनी दुसऱ्या दिवशी कागदावर हिशोब मांडून दाखवला. बाबांनी पैसे परत केले. निकाल मात्र बदलला नाही. त्यामुळे मागे पडलेल्या चौथ्या लेनच्या मुलाचं नाव बाबांना शेवटपर्यंत आठवत होतं.

पुढची दहा वर्षं बरी गेली. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या स्पर्धा, पहाटे दवात फक्की भिजायची, चुन्याने बोटं फुटायची. मग १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. सिंथेटिक ट्रॅकवरच्या रेघा रंगाच्या, कायमच्या. मोठ्या स्पर्धा हळूहळू तिकडे सरकल्या आणि आमच्या खुंटीला कोण विचारणार, असा प्रश्न पडला.

तेव्हा आईने हर्डल, म्हणजे शर्यतीत उडी मारून ओलांडायचे अडथळे, भाड्याने द्यायची कल्पना काढली. (बाबा ती आपली म्हणून सांगायचे.) पहिले दहा हर्डल आम्ही गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. मग स्टॉपवॉच, रिले बॅटन, छातीवरचे नंबर. लॉकडाउनमध्ये सगळं गोदामात गंजत पडलं. कर्जाचे दोन हप्ते थकले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आज आम्ही चौघे आहोत. उत्पन्न बहुतेक भाड्याचं, पण शाळांच्या मातीच्या मैदानांची आखणी सोडलेली नाही. क्लबात आता जेमतेम वीस मुलं येतात. त्यांच्या वार्षिक स्पर्धेचं बिल आम्ही करत नाही. खुंटी त्यांचीच आहे, अजून परत द्यायची राहिलीय.